किट जोडायचं की तयार गाडी घ्यायची? मॉडेल रेल्वेत नव्यानं येणाऱ्यांसाठी

मॉडेल रेल्वेकडे वळणारा प्रत्येक जण पहिल्या काही दिवसांत हाच प्रश्न विचारतो. डबे, इंजिनं, स्टेशनं सुट्या भागांच्या किटमधून स्वतः जोडावीत, की खोक्यातून काढून थेट रुळावर ठेवता येतील अशी तयार घ्यावीत? माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. जे धावतं ते सुरुवातीला तयार घ्या, जे उभं राहतं ते किटमधून जोडा. मालगाडीची वाघीण या दोन्हींच्या मधली. ती धावते, पण तिला मोटर नसते, म्हणून हात तिच्यावर बसवायचा. इंजिनाचं किट सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा करणाऱ्यांची अर्धवट जोडलेली पितळी इंजिनं बुटाच्या खोक्यांत पडून असतात, आणि बहुतेकांचा छंदही तिथेच थांबलेला असतो.

किट स्वस्त पडतं, हा समज आधी काढून टाकू. तो पूर्वी खरा होता. ब्रिटनमध्ये १९५० आणि ६०च्या दशकांत तयार गाड्यांचे प्रकार थोडे आणि कामही ढोबळ असायचं. नेमकं हवं ते इंजिन हवं असेल तर किट जोडणं हाच रस्ता होता. पुढे १९९०च्या दशकाच्या अखेरीस हॉर्नबीसारख्या कंपन्यांचं उत्पादन चीनमध्ये गेलं, आणि तयार मॉडेलवर हाताने बसवलेले बारीक कठडे, पाइप, सुबक अक्षरं दिसू लागली. आज सर्वसाधारण हौशी माणसाने किटमधून जोडलेलं इंजिन त्याच जातीच्या तयार इंजिनापेक्षा देखणं क्वचितच होतं, आणि चाकं, मोटर, रंग, हत्यारं असा सगळा हिशेब मांडला तर महागही पडतं. मग किट का जोडायचं? एक तर जोडण्यात मजा आहे. आणि दुसरं, काही गाड्या कोणीच तयार विकत नाही. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या त्यातच मोडतात. त्याबद्दल शेवटी.

पहिलं काम: माप ठरवा

एचओ म्हणजे मूळ गाडीचा ८७वा भाग, ओओ म्हणजे साधारण ७६वा. ओओ ही ब्रिटनची रीत, एचओ जर्मनी, अमेरिका आणि बहुतेक सगळ्या जगाची. दोन्हींचा रूळ मात्र एकच, १६.५ मिमी रुंदीचा. त्यामुळे ओओचं इंजिन एचओच्या रुळावर बिनतक्रार धावतं, पण दोन्ही मापांचे डबे एका गाडीत जोडले की एक डबा फुगलेला वाटतो. किट मागवताना ही गफलत हमखास होते, कारण घरं आणि माणसंही याच दोन मापांत येतात. एन हे याहून लहान माप, त्याचा रूळ ९ मिमीचा. त्यात युरोप-अमेरिकेचं माप १:१६०, ब्रिटनचं १:१४८ आणि जपानी गाड्यांचं बहुतांशी १:१५०.

आता जागा मोजा. हॉर्नबीच्या दुसऱ्या क्रमांकाच्या तयार वळणाची त्रिज्या ४३८ मिमी आहे, म्हणजे पूर्ण फेरा घालायला फळीची रुंदी साधारण एक मीटर हवी. काटो या जपानी कंपनीचं २४९ मिमीचं एन वळण दोन फुटी फळीवर बसतं. मुंबईतल्या वन बीएचकेत हा फरक निर्णायक ठरतो. माझं मत असं: हाताने जोडायची हौस असेल आणि भिंतीला टेकून उभी ठेवता येईल अशी मोठी फळी जमत असेल, तर एचओ किंवा ओओ घ्या. एनच्या वाघिणीचे ब्रेक चिमट्याने बसवताना चाळिशीनंतर डोळे रडवतात. जागा दोनच फूट असेल तर एन घ्या, गाड्या तयार घ्या आणि हौस इमारतींवर भागवा.

लांब डब्यांचा मोहही सुरुवातीला आवरा. आयसीएफचा, म्हणजे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचा, नेहमीचा डबा २१.३ मीटर लांब, म्हणजे एचओमध्ये साडेचोवीस सेंटिमीटर. डब्याच्या लांबीच्या तिप्पट त्रिज्या असेल तर वळणावर गाडी शोभते, असा एक ठोकताळा आहे. तो लावला तर त्रिज्या निघते ७३ सेंटिमीटर. ४३८ मिमीच्या वळणावर असा डबा चाललाच, तरी त्याचं पोट आत येतं आणि टोकं बाहेर फिरतात. म्हणून सुरुवात छोटं इंजिन आणि चारचाकी वाघिणींवर करा.

दुसरं: तयार संच घेताना

संचात इंजिन, दोन-तीन डबे, रुळांचा एक फेरा आणि वेग कमी-जास्त करायचा कंट्रोलर असतो. पैसे देण्याआधी या गोष्टी तपासा.

- वीज. रुळात जाते ती बहुधा १२ व्होल्टची डीसी. अडॅप्टर मात्र देशागणिक बदलतो. जपानमधून आणलेला १०० व्होल्टचा असतो, अमेरिकेतला १२०चा. आपल्या २३० व्होल्टवर तो थेट लावलात तर पहिल्याच मिनिटाला धूर. अडॅप्टरवर छापलेला आकडा स्वतः वाचा, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका.
- मार्कलिन. या जर्मन कंपनीच्या एचओ गाड्या रुळाच्या मधोमध असलेल्या बारीक खिळ्यांतून वीज घेतात. त्यांचं इंजिन साध्या दोन रुळांच्या डीसी मांडणीवर चालत नाही. जुन्या मालात सुंदर मार्कलिन स्वस्तात दिसलं तर आधी हे आठवा.
- डीसीसी. एकाच रुळावर अनेक इंजिनं वेगवेगळी चालवण्याची ही पद्धत. ‘डीसीसी रेडी’ याचा अर्थ फक्त सॉकेट आहे, चिप नाही. चिप वेगळी घ्यावी लागते. नवख्याला पहिल्या वर्षी याची गरज नाही. सॉकेट असलेलं इंजिन घेऊन ठेवा, बाकीचं नंतर.
- जुना माल. जुन्या इंजिनांचे जस्ताचे ओतीव भाग कधीकधी आतून फुगून भेगाळतात. ओतताना मिश्रधातूत अशुद्धी राहिल्याचा हा परिणाम, त्यावर उपाय नाही. तळ उलटा करून भेगा बघा. लिमा या इटालियन कंपनीच्या जुन्या गाड्यांच्या चाकांची कड खोल असते, ती आजच्या कमी उंचीच्या रुळांवर खिळ्यांना आपटते.

घरी आणल्यावर इंजिन मध्यम वेगाने अर्धा तास पुढे आणि अर्धा तास मागे फिरवा, म्हणजे गिअर बसतात. ते खोलायची घाई नको. तेल द्यायचंच तर सुईच्या टोकावरचा थेंब, तोही प्लॅस्टिकला चालणाऱ्या तेलाचा. शिवणयंत्राच्या तेलाची धार सोडलीत तर मोटरच्या आत चिखल होतो.

तिसरं: फळी

यावर फार वेळ घालवायचा नाही. ९ किंवा १२ मिमीचा पाणी सोसणारा प्लाय, खाली लाकडी पट्ट्यांची चौकट. एमडीएफ स्वस्त असतं, पण कोकणात आणि मुंबईत दोन पावसाळ्यांत कडा फुगतात आणि रुळांना लाटा येतात. रूळ निकेल सिल्व्हरचेच घ्या, पितळी रूळ लवकर काळवंडतात. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडकं. सँडपेपर नको, त्याच्या चरांत घाण आणखी धरते.

चौथं: पहिलं किट, पुठ्ठ्याचं स्टेशन

मेटकाफ आणि सुपरक्विक या ब्रिटिश कंपन्यांची छापील पुठ्ठ्याची किटं नवख्यासाठी उत्तम. रंगकाम नाही, वास नाही, आणि चूक झाली तरी नुकसान थोडं. स्केलसीन्ससारखे काही जण फक्त फाइल विकतात. ती कुठल्याही डिजिटल प्रिंटच्या दुकानात छापायची आणि माउंटबोर्डवर चिकटवायची. छापताना दुकानदाराला बजावून सांगा की ‘फिट टू पेज’ नको, शंभर टक्केच हवं. नाहीतर सगळं स्टेशन चार टक्क्यांनी आक्रसून येतं आणि ते लक्षात येतं दरवाजे कापून झाल्यावर.

लागणारं सामान आर्किटेक्चरच्या मुलांकडे असतं तेच: कटर आणि भरपूर पाती, स्टीलची पट्टी, कटिंग मॅट, फेविकॉल, बारीक ब्रश. स्टेशनरीच्या मोठ्या दुकानांत हे सगळं मिळतं. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास एका फेरीत काम होतं.

कापताना एका दमात आरपार जाऊ नका. हलक्या हाताने तीन-चार वेळा पातं फिरवा. कापलेली कड पांढरी दिसते, तिला चिकटवण्याआधीच पेन्सिलने किंवा जलरंगाने भिंतीच्या रंगाची छटा द्या. नव्या आणि सरावलेल्या हाताचं काम वेगळं ओळखू येतं ते इथेच. फेविकॉल बोटाने नाही, काडीने लावा. भिंतींचा कोपरा काटकोनात आहे का ते गुण्या लावून पाहा, आणि वाळेपर्यंत बाजूला जड पुस्तकं ठेवा. इमारत उभी राहिली की आतून आडव्या पट्ट्या मारा आणि मॅट वार्निशचा पातळ हात द्या. आपल्या हवेत हे ऐच्छिक नाही. वार्निश न दिलेलं छप्पर जुलैत पापडासारखं वळतं.

ब्रिटिश किटचं स्टेशन विटांचं आणि धुराड्यांचं असणार, हे गृहीत धरा. ते आपलंसं करायला एक पाटी पुरते: पिवळ्या जमिनीवर काळी अक्षरं, नाव मराठी, हिंदी आणि इंग्रजीत, खाली समुद्रसपाटीपासूनची उंची. फलाट मात्र सनबोर्डातून स्वतः कापा. फलाटाची कड रुळाला लागून चिकटवण्याआधी तुमच्याकडचा सगळ्यात लांब डबा वळणावरून फिरवून बघा.

पाचवं: प्लॅस्टिकची वाघीण

इथे सावकाश जा. ब्रिटनमध्ये पार्कसाइड, रेशो, केंब्रियन यांची ओओ वाघिणींची किटं वर्षानुवर्षं चालत आली आहेत. अमेरिकन एचओमध्ये ॲक्युरेलची किटं त्याहून सोपी. डब्याचं शरीर रंगवून, अक्षरं छापून येतं, तुम्ही चाकं, कपलिंग आणि वजन बसवायचं. वाघिणीचं पहिलं किट ॲक्युरेलसारखं घ्या, दुसरं पार्कसाइडसारखं.

एक सूचना सगळ्यात आधी. परदेशातून कोणी येणार असेल तर किट मागवा, पण प्लॅस्टिकचा पातळ सिमेंट आणि स्प्रे रंग मागवू नका. ते ज्वालाग्राही असल्याने विमानात नेता येत नाहीत, आणि विमानतळावर काढून टाकायला लावतात. ते इथल्या मॉडेल किटच्या दुकानातूनच घ्या. पार्सलने मागवत असाल तर सीमाशुल्क आणि कर धरूनच किटची किंमत मोजा. त्या हिशेबात एकेक किट मागवण्यापेक्षा चार एकत्र मागवणं परवडतं.

आता काम.

भाग फ्रेमसकट कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवा. साच्यातून सुटण्यासाठी लावलेलं तेलकट द्रव्य निघून जातं, नाहीतर रंग धरत नाही. भाग हाताने पिळून तोडू नका, साइड कटरने थोडं अंतर ठेवून कापा आणि उरलेला खुंट कानशीने घासा. मग सगळं बिनगोंदाचं एकदा जुळवून पाहा. सूचनापत्रिकेतलं चित्र आणि हातातला भाग उलटसुलट वाटले, तर इथेच उलगडा होऊ द्या.

पातळ सिमेंट गोंदासारखा लावायचा नसतो. दोन भाग एकमेकांना टेकवून धरा आणि आतल्या बाजूने सांध्यावर ओला ब्रश टेकवा. द्रव आपोआप फटीत ओढला जातो आणि प्लॅस्टिक विरघळून दोन्ही भाग एकजीव होतात. बोट सांध्यावर असेल तर तोच द्रव बोटाखालीही शिरतो आणि डब्यावर तुमचा ठसा कायमचा उमटतो. खिडकी उघडी हवी, शेजारी शेगडी किंवा उदबत्ती नको. ॲक्रिलिक शीटचं काम करणारे कारागीर क्लोरोफॉर्म वापरतात, ते पाहून घरात तो प्रयोग करू नका. फेविक्विक इथे उपयोगाचा नाही. तो झटकन धरतो, म्हणजे तिरका लागलेला भाग सरळ करायला सवड उरत नाही.

बाजूच्या भिंती आणि टोकं जोडली की वाघीण काचेच्या तुकड्यावर ठेवून काटकोन बघा. पण खरी कसोटी चाकांची. चाकजोड्या बसवल्यावर वाघीण पुन्हा त्याच काचेवर ठेवा आणि एकेका कोपऱ्यावर बोटाने हलकं दाबा. ती डुगडुगली तर चारपैकी एक चाक अधांतरी आहे, आणि अशी वाघीण पहिल्याच सांध्यावर रूळ सोडणार. सिमेंट ओला आहे तोवर, म्हणजे पहिल्या काही मिनिटांत, दोन्ही बाजूंच्या आसपेट्या, म्हणजे आसाची टोकं धरणारे भाग, हलक्या हाताने दाबून हे सुधारता येतं. वाळल्यावर फक्त तोडूनच. चाकं बसवण्याआधी त्यांच्या आतल्या बाजूंमधलं अंतरही मोजा. १६.५ मिमीच्या रुळासाठी ते १४.४ ते १४.५ मिमी असायला हवं. तयार गाड्यासुद्धा पॉइंटवर, म्हणजे एका रुळाचे दोन फाटे होतात तिथे, उडतात तेव्हा बऱ्याचदा दोष या अंतरात असतो, आणि लोक बिचाऱ्या पॉइंटला शिव्या घालतात.

मग वजन. रिकामी प्लॅस्टिकची वाघीण इतकी हलकी असते की लांब गाडीच्या मध्यभागी ती वळणावर आत ओढली जाऊन पडते. अमेरिकेच्या एनएमआरए या संघटनेची एचओसाठीची शिफारस अशी: सुरुवातीला २८ ग्रॅम, आणि लांबीच्या दर सेंटिमीटरला साधारण साडेपाच ग्रॅम. १२ सेंटिमीटरच्या वाघिणीला म्हणजे सुमारे ९५ ग्रॅम. ब्रिटिश मंडळी याहून हलकं, दर आसाला २५ ग्रॅमच्या आसपास ठेवतात. कुठलंही माप घ्या, पण सगळ्या गाडीला तेच.

वजनासाठी नटबोल्ट, वॉशर चालतात, ते अराल्डाइटने चिकटवा. शिशाचे छर्रे फेविकॉलमध्ये कालवून पोकळीत भरायची पद्धत मात्र कटाक्षाने टाळा. पांढऱ्या गोंदातल्या ॲसिटिक आम्लाची शिशावर प्रक्रिया होते, तयार होणारा पदार्थ शिशापेक्षा जास्त जागा मागतो, आणि काही वर्षांनी वाघीण आतून फाटते. जुन्या ब्रिटिश मॉडेलांत बॉयलर असे फुटलेले सापडतात.

रंगकाम पावसाळ्यात काढू नका. दमट हवेत स्प्रेच्या रंगावर पांढुरकी साय येते. ब्रशने ॲक्रिलिक लावणार असाल तर दोन पातळ हात, मध्ये पुरेशी वाळवण. अक्षरांची चिकटचित्रं चकचकीत पृष्ठभागावर नीट बसतात, म्हणून त्याआधी ग्लॉस वार्निश, नंतर मॅट.

अशा तीन-चार वाघिणी झाल्या, की त्या तयार डब्यांच्या मागे जोडून पूर्ण फेरा मागे ढकलत चालवा. पुढे ओढताना सगळंच चालतं, ढकलताना दोष बाहेर पडतात.

सहावं: इंजिनाचं किट, आणि त्याच्या आधी थांबायची जागा

इंजिनाची किटं बहुतेक पितळी पत्र्याची किंवा पांढऱ्या धातूच्या (व्हाइट मेटल या मऊ मिश्रधातूच्या) ओतीव भागांची असतात. खोक्यावरचं चित्र पूर्ण इंजिनाचं, पण तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की चाकं, मोटर आणि गिअरबॉक्स वेगळे घ्यावेत. या तिन्हींची किंमत मिळून किटच्या बरोबरीला सहज जाते.

काम डाग देण्याचं आहे, चिकटवण्याचं नाही. पितळासाठी तापमान ठरवता येणारं सोल्डरिंग मशीन हवं. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ते मिळतं. पांढरा धातू फारच कमी तापमानाला वितळतो, त्यासाठी सुमारे ७० अंशांना वितळणारा खास सोल्डर लागतो. रेडिओ दुरुस्तीच्या सोल्डरने प्रयत्न केलात तर धुराडं समोर थेंबाथेंबाने गळून पडतं.

अवघड भाग पुढेच. वाफेच्या इंजिनाच्या एका बाजूच्या चाकांचे क्रँक, म्हणजे दांडे जोडायचे खुंट, दुसऱ्या बाजूच्या क्रँकांपेक्षा पाव फेरीने, म्हणजे ९० अंशांनी पुढे असतात. मूळ इंजिनात हे अशासाठी, की एक बाजू टोकाला जाऊन अडली तरी दुसरी ढकलत राहावी. मॉडेलमध्ये हा कोन प्रत्येक आसाला तंतोतंत सारखा हवा, नाहीतर जोडदांडे अडकतात आणि इंजिन लंगडत चालतं. हे साधायला साचा मिळतो, तो घ्याच.

मधली वाट हवी असेल तर तयार इंजिनाचा तळ घ्या आणि वरचं शरीर किटमधून किंवा थ्रीडी प्रिंटमधून बसवा. मोटर, गिअर, वीज घेणारी चाकं कारखान्याची, रूप तुमचं. मला विचाराल तर बहुतेकांनी आयुष्यभर इथेच राहिलं तरी काही बिघडत नाही.

आपल्या गाड्यांचं काय?

पहिली अडचण रुळाची. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिमी, एचओमध्ये ते १९.३ मिमी होतं. बाजारातला रूळ १६.५ मिमीचा, कारण तो १४३५ मिमीच्या युरोपीय गेजवर बेतलेला. खास रूळ स्वतः बनवणारे लोक आहेत, पण नवख्याने डोळेझाक करावी. समोरून पाहिलं तरच खटकतं, बाजूने कोणाला कळत नाही. खर्च करण्याआधी पुण्यात कोथरूडला, कर्वे रस्त्यावरचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम एकदा पाहून या. भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून ते १९९८ मध्ये उभं राहिलं. तिथल्या गाड्या चालताना बघितल्या की कोणत्या मापाकडे आपला ओढा आहे ते लवकर कळतं.

भारतीय वाघीण बनवायची तर बॉक्सएनपासून सुरुवात करा. सरळ भिंतींचा उघडा डबा, साधारण ९.८ मीटर लांब, म्हणजे एचओमध्ये अकरा सेंटिमीटरच्या थोडा वर. चाकांसह तयार बोगी विकत घ्या, शरीर प्लॅस्टिक शीटमधून कापा. बाहेरच्या उभ्या पट्ट्या एकसारख्या अंतरावर बसवणं हेच यातलं खरं काम, त्यासाठी आधी पुठ्ठ्यावर खुणा केलेली पट्टी बनवून घ्या. एक नीट जमली की तिच्यावरून मापं घेऊन पुढच्या पाच कापता येतात.

नॅरोगेजमध्ये तर किट आणि तयार माल यांचं भांडणच मिटतं. बार्शी लाइट, शकुंतला, पाचोरा-जामनेर या सगळ्या मुळात ७६२ मिमीच्या लाइनी. ७६२ला ८७ने भागा, उत्तर येतं ८.७६ मिमी. म्हणजे एनचा ९ मिमीचा रूळ आणि एनचंच तयार इंजिन, वर मात्र एचओच्या मापाचं शरीर. त्रिज्या लहान, गाड्या छोट्या, त्यामुळे सगळा पसारा दोन फुटी फळीवर मावतो. माथेरानची लाइन ६१० मिमीची असल्याने ९ मिमी तिला बराच रुंद पडतो, त्यापेक्षा एनहून लहान अशा झेड मापाचा ६.५ मिमीचा रूळ जवळचा, पण झेडची इंजिनं महाग आणि नाजूक. म्हणून पहिल्या प्रयत्नाला बार्शी लाइट बरी. एनचा रूळ घेताना फक्त स्लीपरकडे लक्ष द्या. ते एनच्या हिशेबाने दाट आणि आखूड असतात, एचओच्या गाडीखाली खोटे दिसतात. एक तर एचओ नॅरोगेजसाठी बनवलेला रूळ मागवा, नाहीतर रूळ खडीत स्लीपरच्या माथ्यापर्यंत बुडवा. शकुंतलेसारख्या लाइनीवर तेही खरंच वाटतं.